जांगडावर आणलेली मोटार

चिमाजी मोटारीच्या पोटाखाली उताणा शिरला, तेव्हा यशवंतरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच त्याला आत ढकललाय. मी आपला आभाळ बघत उभा राहिलो. जेठ सरत आला होता, चिंचवडावर ढग उतरले होते, आणि आमचा गडी एका भल्या माणसाच्या अंगणात, घडीचं धोतर नेसून, ओल्या मातीत लोळत होता.

"अहो, खाली पाहण्यासारखं काही नाही," यशवंतराव म्हणाले.

"तेच बगतूय," आतून आवाज आला.

यशवंतराव सरकारी ओव्हरसियर होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी आपली काळी विलायती मोटार विकायला काढली. ही बातमी आमच्या चऱ्होलीत आणली ती मीच. मला वाटलं, एकदा जाऊ, बघू, चहा पिऊ आणि हो का नाही ते सांगून परत येऊ. चिमाजीला तीस वर्षं ओळखत असूनही असं वाटलं, ही माझीच चूक.

चिमाजी माझा बांधशेजारी. बैलाची पारख करावी तर त्यानंच. चाकणच्या बाजारात तो शिरला की व्यापारी खोडीचा बैल गाडीमागं नेऊन बांधत. दात बघायचे, खुरं उचलायची, शेपटी पिळायची, खाली बसवून पुन्हा उठवायचा, आणि एवढं करून बैलात काही सापडलं नाही की मग विकणाऱ्याची चौकशी लावायची. त्याचं म्हणणं, माणूस बैल तीनच कारणांनी काढतो: एक तर नड असते, नाहीतर भाऊबंदकी असते, नाहीतर बैलात खोड असते. पहिली दोन दिसत नसतील तर तिसरी शोधायची. ती असतेच.

पाठ मातीनं भरवून तो बाहेर आला आणि त्यानं इंजनाच्या झाकणावर तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"आज कुठं गेलता हिला घिऊन?" त्यानं विचारलं.

यशवंतराव म्हणाले, कुठंच नाही.

"मग ही तापलीय कशानं?"

यशवंतराव गोरेमोरे झाले. तुम्ही येणार म्हणून थोडी चालू करून ठेवली होती, गरम असली की चटकन सुरू होते, सगळेच तसं करतात, असं ते सांगत राहिले. त्यात खोटं काही नव्हतं. पण चिमाजीनं पटका डोक्यावर ठेवला आणि तो फाटकाबाहेर पडला. बाजारात मरतुकड्या बैलाला दारू पाजून उधळता दाखवतात, हे त्यानं ढिगानं पाहिलेलं. वाटेत मी म्हटलं, झालं का मग समाधान? तर म्हणतो, उद्या येऊ, पण न सांगता.

दुसरा कोणी असता तर मी तिथंच हात जोडून घर गाठलं असतं. पण चिमाजीला मोटार कशाला हवी होती ते मला ठाऊक होतं.

दोन वर्षांमागं त्याची बायको मंजुळा सकाळी सडा टाकता टाकता पोट धरून खाली बसली. चिमाजीनं पंचक्रोशीत नावाजलेली आपली जोडी छकड्याला जुंपली आणि पुण्याची वाट धरली. बैलांच्या तोंडाला फेस आला तरी त्यानं आसूड खाली ठेवला नाही. येरवड्याच्या पुलाच्या अलीकडं मंजुळानं मान टाकली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणायला हवं होतं. त्या 'जरा'नं चिमाजीला आतून खाल्लं. आता त्याची एकुलती लेक शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस श्रावणात भरणार होते. कांद्यानं लागोपाठ दोन वर्षं हात दिला होता, तेव्हा त्यानं ठरवलं की मोटार घ्यायची. मिरवायला नव्हे, नुसती दारात उभी ठेवायला. अट एकच, ऐनवेळेला दगा द्यायचा नाही.

आणि मोटार ही अशी चीज, की ती दगा देणार का नाही हे कशावरून ओळखायचं ते चिमाजीला ठाऊक नव्हतं. दात बघायचे कुठं?

चिखलीला माझा मेव्हणा असतो. तीन दिवस आम्ही त्याच्या उरावर बसलो. पहाट झाली की चालत चिंचवड गाठायचं आणि यशवंतरावांच्या कुंपणाबाहेर घाणेरीच्या जाळीत दबा धरून बसायचं. रोज सकाळी एक दाढीवाला मिस्त्री येऊन ती मोटार सुरू करून ठेवी. पुढं लोखंडी हँडल घालून तो फिरवी, आणि किती फेऱ्यांत इंजन बोलतं ते चिमाजी खड्यांनी मोजी. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी तीन. दिवसभर आम्ही आळीत चौकशी करत हिंडायचो. धोबिणीला विचारलं, गाडी ढकलताना कधी दिसली का. वाण्याला विचारलं. टांगेवाल्याला विचारलं, आणि तो मोटारीबद्दल बरं बोलणार नाही हे दिसत असूनही चिमाजीनं त्याचं अख्खं पुराण ऐकून घेतलं. वाईट कोण किती बोलतंय त्यावरूनही कळतं, असं त्याचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. मिस्त्रीनं हँडल मारलं. चार, पाच, सात. अकरा खडे झाले तरी मोटार गप्प. चिमाजीनं माझ्या मांडीवर चापट मारली, सापडली खोड या आनंदात. तेवढ्यात मिस्त्री पाठ न वळवता बोलला.

"वायरी भिजल्यात, भाऊ. जाळीतनं कसं दिसंल? फुडं येऊन बगा."

आम्ही काटे झाडत पुढं गेलो. लाज मला वाटली, चिमाजीला नाही.

त्याचं नाव मीरासाहेब. पिंपरीत मुंबईच्या सडकेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि मागंच घर. सात वर्षं ही गाडी त्याच्या हाताखालची. त्यानं झाकण उघडून वायरी पुसल्या, फुंकल्या, आणि पुढच्या हँडलला इंजन धडधडायला लागलं. मग आम्हाला दुकानी नेलं. त्याची बायको खातूनबी चहा घेऊन आली. मीरासाहेबनं कुणी न विचारता सांगून टाकलं, इंजन दगडासारखं आहे, टायर दोन वर्षं बघायला नकोत, पण पावसात वायरींना ओल धरली की ही हट्ट करते. पुसलं की चालते.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, माणूस सरळ वाटला. चिमाजी म्हणाला, "एक खोड आपन होऊन सांगनारा धा लपीवतो. चाकनात ही जुनी रीत हाय."

म्हणजे खोड लपवली तर लबाड, सांगितली तर महालबाड. अशा माणसाला कोण काय विकणार? पण शेवटी त्यानंच मार्ग काढला, आणि तोही बैलबाजारातलाच. बैल आठ दिवस जांगडावर न्यायचा. औताला जुंपायचा, गाडीला जुंपायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर आणून मालकाच्या दावणीला बांधायचा. मोटार तशी द्या, त्यानं यशवंतरावांना सांगितलं. यशवंतराव पहिल्यांदा हसले, मग चिडले, आणि दुसरं गिऱ्हाईक महिनाभर फिरकलं नव्हतं म्हणून तयार झाले. चालवणार कोण हा प्रश्न होता. मीरासाहेब म्हणाला, मी येतो, आठ दिवस दुकानावर थोरला पोरगा बसेल.

"ह्यो का येतो?" चिमाजीनं मला बाजूला घेऊन विचारलं. "याला काय मिळनार यात?"

मला ठाऊक होतं ते. चहा पिताना चिमाजी पाणी प्यायला उठला होता, तेव्हा खातूनबीनं मला विचारलं होतं, भाऊंना गाडी कशापायी पायजे, आणि मी मंजुळाची सगळी हकीगत सांगितली होती. पण हे मी चिमाजीला बोललो नाही. त्यानं खातूनबीतही काहीतरी शोधून काढलं असतं.

मोटार चऱ्होलीत आली तेव्हा वेशीपासून निम्मं गाव मागं होतं. चिमाजीची थोरली बहीण सुभद्राबाई, मंजुळा गेल्यापासून तीच घर सांभाळत होती, तिनं चाकांवर पाणी ओतलं आणि पुढच्या दिव्यांना हळदकुंकू लावलं. शालन पोट सावरत उंबऱ्यात उभी राहून हसत होती. चिमाजी तेवढा हसला नाही. गोठ्याशेजारी कडुनिंबाखाली त्यानं मोटार उभी करवली आणि दुसऱ्या दिवसापासून पारख सुरू केली.

पहाटे सुरू कर, म्हणायचा. झाली की बंद कर. भर दुपारी सुरू कर. जेवायला बसलेल्या मीरासाहेबला पानावरून उठवून सुरू कर, कारण ऐनवेळ काही जेवण संपायची वाट बघत नाही. कांद्याच्या सहा गोण्या घालून नदीच्या उतारावरून वर आणवली. गोठ्याच्या भिंतीवर त्यानं कोळशानं खुणा चालवल्या होत्या: झटक्यात सुरू झाली तर उभी रेघ, कुरकुरली तर फुली. मीरासाहेब तोंडातून शब्द न काढता हँडल मारी. एकदा मला एवढंच म्हणाला, "दत्तोबा, इंजन मराचं न्हाई, पन हँडल मारून मारून मीच मरनार हाय."

सहाव्या दिवसापर्यंत चाळीसेक रेघा झाल्या आणि फुली एकही नाही. कुणालाही बरं वाटलं असतं. चिमाजी मात्र जास्तच काळजीत पडला. एवढी गुणाची गाडी ओव्हरसियर विकतोच कशाला, म्हणायचा. सहाव्या दिवशी दुपारी आडवा पाऊस आला, आणि मोटार हटून बसली. मीरासाहेबनं डोक्याचा रुमाल काढून वायरी पुसल्या, झाकणावर घोंगडं धरायला मला उभं केलं, आणि दहा मिनिटांत ती सुरू झाली. चिमाजीनं भिंतीवर फुली मारली. ती एवढी मोठी काढली की चाळीस रेघा तिच्यापुढं दिसेनात.

"धा मिन्टं," तो म्हणाला. "ऐनवेळंला ही धा मिन्टं मी कुनाकडनं मागून आनू?"

मीरासाहेबनं सांगून पाहिलं की घोंगडं टाकून ठेवलं तर हे होणारच नाही. मी सांगितलं, बैल तरी पावसात कुठं धड चालतो? सुभद्राबाई म्हणाली, अती राजा आणि भीक माग, असं होईल तुझं. चिमाजीनं ठरवून टाकलं की आठव्या दिवशी मोटार परत.

आठव्या दिवशी सकाळी मीरासाहेबनं आपलं गाठोडं बांधलं, मोटारीवरचं घोंगडं काढलं आणि चिमाजीला रामराम करायला तो ओट्यावर आला. तेवढ्यात घरातून शालनचा आवाज आला. महिनाभर आधीच पोटात कळा सुरू झाल्या होत्या. दुर्गाबाई सुईण धावत आली, आत गेली, आणि थोड्या वेळानं हात पुसत बाहेर येऊन म्हणाली की मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, पुण्याला हलवा.

चिमाजीचा चेहरा मातीसारखा झाला. मीरासाहेबनं गाठोडं टाकलं आणि हँडल मारलं. पहिल्याच फेरीत इंजन सुरू झालं. आम्ही शालनला मागं निजवलं, सुभद्राबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आणि चिमाजी कुठं? तो गोठ्यात बैल सोडत होता.

मला कळेना हा काय करतोय. त्यानं छकडा जुंपला, माझ्या हाताला धरून मला वर ओढलं आणि मीरासाहेबला बजावलं, "मोटार छकड्याच्या नदरंआड न्यायची न्हाई. बंद पडली तर पोरीला तितल्या तितं छकड्यात घ्यायची. मला कळू दे ती कुठं दगा देती ते."

मीरासाहेब माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण लेकीचा बाप पुढं उभा असताना बाहेरच्यानं काय बोलावं, हा विचार आडवा आला.

तर अशी आमची वरात निघाली. पुढं मोटार गोगलगाईसारखी, मागं बैल दुडक्या चालीनं. मीरासाहेब थोडा पुढं जाई, थांबे, आम्ही दिसलो की पुन्हा हले. दिघीचा चढ लागला तेव्हा मोटारीच्या नाकातून वाफ निघायला लागली. मीरासाहेबनं गाडी थांबवली आणि खाली उतरला.

"भाऊ, ही पळायसाठी केलेली हाय. अशी बैलाच्या चालीनं चढावर नेली तर पानी उकळून बंद पडंल."

"बग दत्तोबा," चिमाजी म्हणाला. "चाळीस रेगा वडल्या, आन् खरी खोड आत्ता बोलली."

मला त्याचा असा राग आला, की आसूड हातात असता तर बैलांऐवजी त्याच्यावर ओढला असता. आत शालन ओरडली. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. चिमाजी म्हणत होता, तिला छकड्यात घ्या, बैलांचा मला भरवसा आहे. मीरासाहेब म्हणत होता, भाऊ, तिला आता हलवू नका. मग मोटारीच्या खिडकीतून सुभद्राबाईनं डोकं बाहेर काढलं. भावाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"मीरासाहेब," ती म्हणाली, "बस आत, आन् हाण."

मीरासाहेबनं मोटारीतला डबा काढून त्यातलं पाणी मोटारीच्या तोंडात ओतलं आणि तो आत बसला. चिमाजी वाटेत आडवा होईतोवर मोटार चढाच्या माथ्याला लागली होती. मग ती पलीकडं उतरली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरची वाट मी जन्मात विसरणार नाही. चिमाजी छकड्यात उभाच होता. वाट नुसती चालली असती तर बरं, पण त्याला प्रत्येक वळणामागं मोटार बंद पडलेली दिसत होती. या आंब्याखाली असंल बग, म्हणायचा. आंब्याखाली काही नसायचं. मग पुढचा ओढा. ओढ्यात काही नसायचं. वाटेवर काळा ठिपका दिसला की खाली उडी मारून बोटानं उचलायचा, हुंगायचा आणि तेल सांडलंय म्हणायचा. मी हुंगलं, तर शेण. गवत घेऊन येणाऱ्या बायांना त्यानं विचारलं, काळी मोटार बघितली का. गेली की मघाशी, धूळ उडवत, त्या म्हणाल्या. चिमाजीला वाटलं त्या उगाच धीर देताहेत. त्यानं मागं वळून पुन्हा विचारलं, नक्की काळीच होती का.

कळसाच्या पुढं सडकेच्या कडेला खरोखरच एक काळी मोटार उभी होती, दारं उघडी. चिमाजीनं छकडा थांबायची वाट बघितली नाही. तो धोतर सावरत, शालन, शालन करत पळाला. मोटार कुणा सावकाराची होती, तो झाडामागं लघवीला गेला होता. चिमाजी परत आला, छकड्याचं चाक धरून उभा राहिला आणि त्याला धड श्वास घेता येईना. एवढा वेळ मला त्याचा राग येत होता, तो तिथं गेला.

येरवड्याचा पूल आला तेव्हा दिवस माथ्यावरून कलला होता. पुलाच्या अलीकडं तो आपोआप खाली बसला आणि पूल ओलांडेपर्यंत डोळे मिटून राहिला.

दवाखान्याच्या फाटकाशी मोटार उभी होती. मीरासाहेब तिच्या पायरीवर बसून पेरू खात होता. आम्हाला बघून तो उठला आणि लांबूनच म्हणाला, "नात झाली, भाऊ. पोट चिरून काढावी लागली. दोघी खुशाल हायत. डाक्टरीनबाई म्हनल्या, येळंत आनली."

मी मोठ्यानं पांडुरंगाचं नाव घेतलं. चिमाजीनं घेतलं नाही.

"वाटंत कुठं बंद पडली?" त्यानं विचारलं.

"न्हाई पडली."

"खरं सांग. मी काय म्हननार न्हाई."

"सुभद्राक्काला इचारा. कुठंबी न्हाई पडली."

"किती येळ लागला?"

"तुमच्याफुडनं गेलो ते पाऊन तासात हितं. येरवड्यात म्हशी आडव्या आल्या, न्हाईतर त्याच्याबी आत."

चिमाजीनं मान हलवली. मोटारीकडं बघितलं, तिला हात लावला नाही. मग मीरासाहेबला म्हणाला, "यशवंतरावास्नी निरोप द्या. गाडी परत येत न्हाई." आणि तिथंच फाटकाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, तो मटकन खाली बसला. मला वाटलं छकड्यात उभं राहून थकला. मी म्हटलं, चल, ऊठ, आत आक्का वाट बघतीय, नात बघू.

त्यानं माझं मनगट धरलं.

"मंजुळा साडेतीन तास जिती हुती, दत्तोबा," तो म्हणाला. "छकड्यात साडेतीन तास."

मीरासाहेब तोंड फिरवून उभा राहिला. बैल उन्हात उभे होते, जू अजून त्यांच्या मानेवर तसंच होतं. मी त्यांना सोडलं आणि हौदावर नेऊन पाणी दाखवलं.